साइटच्या नावात गावाचं नाव का नको?

सावदेकर
परवा इथे एकाने लिहिलं, "धंद्याच्या साइटचं नाव छोटं आणि इंग्रजी वळणाचं ठेवा, डॉट कॉमच घ्या. गावाचं नाव घातलं की गिऱ्हाईक गावठी समजतं." तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

सावद्याला माझा केळीच्या वेफर्सचा धंदा. साइटच्या नावात गाव आणि वेफर्स, एवढंच. पुण्याचं काय, सुरतचं काय, गिऱ्हाईक फोनवर पहिलं विचारतं, "माल रावेर-यावल पट्ट्यातलाच ना?" जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते गाव लपवायला? चकचकीत बिनअर्थाचं नाव लोकांच्या डोक्यात बसवायचं तर जाहिरातीला पैसा लागतो. तो माझ्याकडे नाही. माझ्याकडे सावदा आहे.

धुळ्याचा साइटवाला
ती पोस्ट माझी. 'गावठी' शब्द चुकला, मागे घेतो. बाकी काही मागे घेत नाही.

अमळनेरला १९४५ साली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची तेलाची कंपनी निघाली. आज तिला जग विप्रो म्हणतं. नावात भाजीपाला-तेल अडकून राहिलं असतं तर पुढे संगणक विकताना अडचण झाली असती की नाही? उद्या तुम्ही केळीची पावडर काढाल, बिबड्या विकाल. तेव्हा 'वेफर्स'चं काय करणार?

नावात वस्तू घातली की गूगलवर वर येतो, हेही आता विसरा. नुसतं नाव जुळतं म्हणून वर बसलेल्या सुमार साइटी गूगलने २०१२ मध्येच खाली ढकलल्या. आणि मला सांगा, फोनवर सावदा कसं सांगता? व्ही की डब्ल्यू? 'द'च्या आधी ए आहे की नाही?

सावदेकर
भाऊ, विप्रो कुठे, मी कुठे. त्यांनी नाव आटोपशीर केलं तेव्हा धंदा उभा होता. स्पेलिंगचा मुद्दा मात्र खरा. दोन पार्सलांचे पैसे आलेच नाहीत, गिऱ्हाईक चुकीचं स्पेलिंग टाकून भलत्याच साइटवर जाऊन परत फिरलं होतं. एवढं मान्य. एवढंच.

नंदुरबारची लेक
मग देवनागरीत घ्या ना! डॉट भारत २०१४ पासून मिळतंय. व्ही-डब्ल्यूचा प्रश्नच मिटला. आपल्या 'ळ'ला इंग्रजीत अक्षर नाही म्हणून केळीची 'केली' करून टाकली सगळ्यांनी. डोळ्यांना टोचतं.

अहिरानी बोलनारा
ताई, आम्ही धुळ्याला धुये म्हणतो. आमच्या तोंडी 'ळ'चा 'य' होतो. तुमचं देवनागरी आमच्या आजीला तरी कुठे बरोबर वाटणार?

धुळ्याचा साइटवाला
डॉट भारत मी एका गिऱ्हाइकाला घेऊन दिलं होतं. आत त्याचं रूप एक्स-एन, दोन आडव्या रेघा आणि पुढे रोमन अक्षरांची रांग असं असतं. कॉपी करून पाठवलं की काही ठिकाणी तेच उमटतं आणि लोकांना ती फसवणुकीची लिंक वाटते. त्या नावाचा ईमेल तर बँकेच्या फॉर्मने घेतलाच नाही. जोडीला ठेवा, त्यावर विसंबू नका.

भुसावळची साडीवाली
तुमचं व्ही-डब्ल्यू चालू द्या. नाव कुणाच्या नावावर आहे ते बघितलंत का कुणी?

आमच्या दुकानाची साइट एका मुलाने करून दिली. नाव त्याने स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या नावाने नोंदवलं. सहा वर्षं आम्ही पैसे त्याच्या हातात देत होतो. मग हिशेबावरून बिनसलं, त्याने नावाचं नूतनीकरण केलं नाही. मुदत संपल्यावर काही दिवस मिळतात, मग दंड भरून सोडवायला ३० दिवस. पण सोडवणार कोण? कागदोपत्री मालक तो. नाव सुटलं आणि भलत्याने घेतलं. दुकानाची पाटी, पिशव्या, लग्नाच्या बस्त्याची कार्डं, सगळ्यांवर तेच नाव. पिशव्यांवर स्टिकर चिकटवताना मी रडले आहे.

धुळ्याचा साइटवाला
वाईट झालं. पण एकामुळे आम्हा सगळ्यांना चोर ठरवू नका. मी ईमेल मागतो तर लोक म्हणतात, "तुमचाच टाका." ओटीपी मागितला तर संशय घेतात.

भुसावळची साडीवाली
मी चोर म्हटलेलं नाही. पण 'तुमचाच टाका' म्हणणाऱ्याला थांबवायचं कुणी? ज्याला कळतं त्याने. मला साडीचा पोत कळतो, तो मी गिऱ्हाइकाला उलगडून दाखवते. तुम्ही टाकून मोकळे होता.

अहिरानी बोलनारा
ताईनं बरोबर शे.

धुळ्याचा साइटवाला
ठीक. माझ्याकडेही चार-पाच गिऱ्हाइकांची नावं माझ्याच खात्यात आहेत. या महिन्यात त्यांच्या नावावर करून देतो.

सावदेकर
हे वाचून नोंदणीचं बिल काढलं. माझं नाव भाच्याच्या ईमेलवर आहे. पोरगा चांगला आहे, पण नोकरीनिमित्त पुण्यात असतो आणि तो ईमेल त्याच्या जुन्या कॉलेजचा आहे. कॉलेजने बंद केला तर? आज रात्री बसतो. डब्ल्यूवालं स्पेलिंगही घेऊन मूळ साइटवर वळवतो. गाव काढणार नाही.

धुळ्याचा साइटवाला
गाव ठेवा, मी आता वाद घालत नाही. 'वेफर्स'बद्दल माझं मत तेच आहे. एक लक्षात ठेवा, मालकाचं नाव बदललं की नोंदणी कंपनी बहुतेकदा ६० दिवस साइटचं नाव दुसऱ्या नोंदणी कंपनीकडे नेऊ देत नाही. आणि नव्या ईमेलवर खातरजमेची लिंक येते. १५ दिवसांत ती दाबली नाही तर साइट बंद करतात. स्पॅममध्येही बघा.