गहाण पडलेला चषक

कुणीतरी म्हटलंय की इंग्लिश फुटबॉलमधल्या लीगबाहेरच्या, म्हणजे वरच्या व्यावसायिक विभागांत नसलेल्या, छोट्या क्लबांचा इतिहास म्हणजे एफए कप या इंग्लंडच्या बाद फेरीच्या स्पर्धेत एखाद्या बड्या संघाला हरवल्याची एक दुपार. हे पटलं नाही. इंग्लंडच्या डरहॅम परगण्यातलं वेस्ट ऑकलंड घ्या. कोळशाच्या खाणींचं गाव, संघात बहुतेक खाणकामगार. पहिला फुटबॉल विश्वचषक व्हायला अजून 21 वर्षं होती, तेव्हा 1909 साली हा संघ इटलीतल्या तुरिनला गेला आणि थॉमस लिप्टन चषक ही वेगवेगळ्या देशांच्या क्लबांची स्पर्धा जिंकून आला. 1911 मध्ये पुन्हा गेला, आणि अंतिम सामन्यात चक्क युव्हेंटस या इटलीच्या नामांकित क्लबला 6-1 हरवलं! दोनदा जिंकल्यामुळे चषक कायमचा त्यांचाच झाला.

पण मला खरी भिडते ती पुढची गोष्ट. प्रवासाच्या खर्चाने क्लब कर्जात बुडाला आणि तो चषक गावातल्या व्हीटशीफ हॉटेलच्या मालकिणीकडे 40 पौंडांना गहाण ठेवावा लागला. तो सोडवायला 1960 साल उजाडलं, तेही 100 पौंड मोजून. म्हणजे दोन महायुद्धं होऊन गेली तरी चषक क्लबच्या हातात नव्हता, आणि गाव ते विसरलं नाही. 1994 मध्ये मूळ चषक चोरीला गेला, आता आहे ती प्रतिकृती. क्लब मात्र ईशान्य इंग्लंडमधल्या नॉर्दर्न लीग या छोट्या क्लबांच्या लीगमध्ये खेळतोय. गावच्या हिरवळीवर खाणकामगार आणि फुटबॉलपटूचं शिल्प उभं आहे, दोघं एकत्र. असंच हवं होतं.