लाकडी माडीवर टाइल बसवण्यापूर्वी : आपापले अनुभव लिहावेत

आमच्या पारोळ्याच्या घराची माडी दोन खणांची आहे. खाली सागाच्या तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर चार इंच माती आणि वर सारवण, अशी तिची रचना आहे. सारवायला आता घरात कोणी उरलेले नाही, म्हणून दिवाळीनंतर तेथे टाइल बसवावी असे ठरले आहे. ज्या तीन मिस्त्रींना विचारले त्या तिघांनी तीन निराळ्या रीती सांगितल्या, आणि त्यांतल्या दोघांनी तर लाकडाला हातही न लावता चौरस फुटाचा दर सांगून टाकला. ज्यांनी अशा माडीवर टाइल बसवली आहे त्यांना विनंती आहे की टाइल कोणती घेतली यापेक्षा, ती बसण्याआधी लाकडाचे काय केले आणि काय करायचे राहून गेले, ते सविस्तर लिहावे. ज्यांचे काम चुकले त्यांनी तर अवश्य लिहावे.

एरंडोलहून

आमचे काम चुकले, म्हणून प्रथम मीच लिहितो. दहा बाय बाराची खोली होती. मिस्त्रीने माती काढली, फळ्यांवर प्लास्टिकचा कागद अंथरला, त्यावर तळमजल्यावर करतात तसाच दोन इंच सिमेंट-वाळूचा माल पसरला आणि टाइल बसवली. दिसायला काम अतिशय सुबक झाले होते. पहिला पावसाळा निभावला. पुढच्या वैशाखात, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, दाराजवळच्या टाइलमधून पोकळ आवाज येऊ लागला आणि आषाढ संपेपर्यंत खोलीच्या मधोमध, फळ्यांच्या सांध्याला समांतर अशी एक सरळ भेग उमटली.

टाइल उकरली तेव्हा कारण समजले. फळी लांबीत जवळजवळ वाढत नाही, पण रुंदीत उन्हाळ्यात आटते आणि पावसाळ्यात फुगते. ही हालचाल वरचा माल सोसू शकत नाही. शिवाय कागद सांध्यांवर फाटलेला होता, त्यामुळे ओल्या मालाचे पाणी फळ्यांनी शोषले आणि त्यांच्या कडा वर उचलल्या गेल्या. वजनाचा हिशेब मी नंतर केला. एवढ्या खोलीत दोन इंच मालाचेच साधारण ११०० किलो होतात, वर टाइलचे सव्वादोनशे. माती काढल्यामुळे पावणेदोन टन भार उतरला होता, म्हणून कड्या वाचल्या. ज्यांची माती न काढताच वर माल घातला जातो त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

धुळ्याहून

एरंडोलच्या दादांनी जे सोसले ते आमच्याकडे टळले, त्याचे श्रेय आमच्या सुताराला आहे. ते वयाने सत्तरीचे, अहिराणी बोलणारे. टाइलचा विषय काढताच त्यांनी पाण्याने काठोकाठ भरलेले फुलपात्र फळ्यांवर ठेवायला सांगितले आणि स्वतः टाचा उचलून धपकन खाली आपटल्या. खिडकीजवळ पाणी नुसते थरथरले. मधल्या खणात ते काठावरून सांडले. "आठे हालस, तठे नही," (इथे हलते, तिथे नाही) एवढेच ते बोलले आणि खडूने मधल्या खणाभोवती रेघ मारली. पुढचे सहा दिवस एकही टाइल घरात आली नाही. सगळे काम त्या रेघेच्या आत चालले होते.

कडी भाराखाली किती लवते, म्हणजे वाकते, ते मोजण्याचे गणित माझ्या भाच्याने, जो स्थापत्य अभियंता आहे, समजावून दिले. सिरॅमिक टाइलसाठी कडी भाराखाली आपल्या गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, ३६०व्या भागापेक्षा जास्त लवता कामा नये, आणि कोटा, संगमरवर यांसारख्या नैसर्गिक दगडासाठी ७२०व्या भागापेक्षा. आमचा गाळा नऊ फुटांचा, म्हणजे टाइलसाठी मुभा साडेसात मिलिमीटरची आणि दगडासाठी पावणेचारच्या आसपास. मला कोटा हवा होता. हे ऐकल्यावर मी तो हट्ट सोडला.

मधल्या खणातील तीन कड्यांना सुतारांनी जोडकड्या दिल्या, म्हणजे तेवढ्याच उंचीच्या नव्या सागाच्या कड्या बाजूने लावून आरपार बोल्टने आवळल्या. त्याआधी प्रत्येक कडीचे भिंतीत शिरणारे टोक त्यांनी टोच्याने तपासले. मधे लाकूड लोखंडासारखे टणक होते, पण पन्हाळीखालच्या भिंतीत टोच्या दोन बोटे सहज आत गेला. तेथील कुजका भाग कापून नवा तुकडा जोडला आणि, माझ्या मते हे अधिक महत्त्वाचे, बाहेरची पन्हाळ दुरुस्त केली. ओल येण्याचे कारण तसेच ठेवून लाकूड बदलण्यात काही अर्थ नव्हता.

मग फळ्या. जुने खिळे वर आले होते, ते उपटून प्रत्येक फळी प्रत्येक कडीवर दोन-दोन स्क्रूंनी बसवली, कारण खिळा लाकडाबरोबर ढिला होतो आणि करकर तेथूनच सुरू होते. फळ्यांवर जुने रोगण होते, ते घासून काढले. त्यावर १८ मिलिमीटरचे, आय.एस. ७१० या भारतीय मानकाचा छाप असलेले मरीन प्लाय फळ्यांना आडवे टाकले. प्लायचे ताव आधी चार दिवस त्याच खोलीत पट्ट्यांवर उभे ठेवले होते, म्हणजे ते तेथील हवेला सरावले. दोन तावांमध्ये ३ मिलिमीटर फट, भिंतीपाशी ६ मिलिमीटर, आणि चार तावांचे कोपरे एका ठिकाणी येणार नाहीत अशी मांडणी. कडेने दर सहा इंचांवर स्क्रू, मधे दर आठ इंचांवर. भिंतीपाशी फट ठेवण्याला मिस्त्रींचा विरोध होता, त्यांना ते काम अर्धवट वाटत होते. मी स्वतः ६ मिलिमीटरच्या पट्ट्या कापून भिंतीकडेने उभ्या केल्या आणि काम संपल्यावरच काढल्या.

प्लायवर ६ मिलिमीटरचा सिमेंट बोर्ड, तोही अॅडहेसिव्हच्या (टाइल चिकटवण्याच्या मसाल्याच्या) थरात दाबून आणि स्क्रूने आवळून, सांध्यांवर जाळीची पट्टी. टाइलसाठी पिशवीवर 'एस १' लिहिलेले लवचीक अॅडहेसिव्ह आणले. भिंतीकडच्या फटीत सिमेंट न भरता सिलिकॉन भरले आणि वरून स्कर्टिंगने झाकले. प्लाय, बोर्ड, अॅडहेसिव्ह आणि टाइल मिळून दहा बाय बाराच्या खोलीवर साधारण सव्वापाचशे किलो पडतात, म्हणजे एरंडोलच्या दादांच्या मालाच्या निम्म्याहून कमी. आता चार उन्हाळे झाले आहेत. फुलपात्राची परीक्षा मी अजूनही दर चैत्रात करते.

चोपड्याहून

आमच्याकडे माडीवरच मोरी हवी होती. सुतार आणि मिस्त्री दोघेही तयार होते, सासऱ्यांनी मात्र नकार दिला, आणि आज मला त्यांचे म्हणणे पटते. टाइल म्हणजे पाणी अडवणारा थर आहे असा समज आपल्याकडे सर्वत्र आहे, परंतु टाइलच्या सांध्यांत भरलेल्या ग्राउटमधून पाणी झिरपतेच. लाकडावर मोरी करायचीच असेल तर टाइलखाली जलरोधक थर हवा, तो भिंतीवर निदान वीतभर चढवलेला हवा, उतार आधी प्लायमध्येच काढलेला हवा आणि टाइल लावण्यापूर्वी पूर्ण दिवसभर पाणी साठवून खालून पाहायला हवे. आम्ही मोरी खालीच ठेवली.

शहाद्याहून

माझा अनुभव वाळवीचा आहे. मूळ फळ्या सातपुड्याच्या सागाच्या, त्यांना काही झाले नव्हते. वडिलांच्या काळात डागडुजीला आंब्याच्या पाच फळ्या घातल्या होत्या आणि त्या पाचही आतून पोखरलेल्या निघाल्या. वरून रंग शाबूत, नखाने दाबले की भुसा. टाइल एकदा बसली की हे वरून कधीच दिसणार नाही, म्हणून झाकण्यापूर्वी प्रत्येक फळी हातोडीच्या दांड्याने ठोकून ऐकावी. औषध मारल्यावर लाकूड पूर्ण वाळू द्यावे, आम्ही तीन आठवडे थांबलो. आणि माडीच्या खालच्या बाजूला पीओपीचे छत करू नये. वरून टाइल आणि खालून छत झाले की लाकडाला वारा मिळत नाही आणि बिघाड डोळ्यांना दिसत नाही.

फैजपूरहून

खोली मधे सव्वा इंच बसलेली होती. एकाने ती अॅडहेसिव्हचा जाड थर देऊन सपाट करण्याचा सल्ला दिला. तसे करू नये, जाड थर आटतो आणि टाइल ओढतो. आम्ही फळ्या उचलून प्रत्येक कडीवर निमुळती पट्टी ठोकली आणि दोरीने पातळी पाहिली. वेळ लागला, पण वजन वाढले नाही.

अमळनेरहून, टाइलचे काम करणारा

मी पंधरा वर्षे टाइल बसवतो. वर धुळ्याच्या ताईंनी लिहिले आहे तसे लाकूड तयार मिळाले तर आमचे काम दोन दिवसांचे आहे. तक्रार येते ती बहुधा आम्हाला घाईने बोलावले म्हणून. तरीही आमच्यातले पुष्कळजण लाकूड न पाहता दर सांगतात हे खरे आहे आणि ते चूक आहे. एक गोष्ट कोणी लिहिली नाही ती लिहितो. १८चे प्लाय, ६चा बोर्ड, अॅडहेसिव्हच्या दोन्ही थरांचे मिळून ५ आणि टाइल १०, अशी उघड्या फळ्यांच्या माडीची जमीन ३९ मिलिमीटरने, म्हणजे दीड इंचाने वर येते. दारे खालून रंधून घ्यावी लागतात हे लोकांच्या ध्यानात असते, जिना मात्र राहून जातो. शेवटची पायरी दीड इंच जास्त उंच झाली की वर्षानुवर्षे त्याच जिन्याने चढणाऱ्या माणसाचा पाय तेथे अडकतो. एका घरी आजी अशाच ठेचकाळून पडल्या, तेव्हापासून मी काम घेण्यापूर्वी जिना मोजतो. तेथे तेरा चढ होते. सुताराने पहिल्या पायरीवर ३ मिलिमीटरची पट्टी लावली, दुसरीवर ६ची, तिसरीवर ९ची, असे करत बाराव्या पायरीवर ३६ची, म्हणजे माडीपर्यंतचा प्रत्येक चढ सारख्याच ३ मिलिमीटरने वाढला. आजी पुन्हा वर जाऊ लागल्या आहेत आणि जिन्यात काही बदलले आहे हे त्यांना सांगावे लागले.