सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका

वर कुणीतरी म्हटलंय की नटांना आणि खेळाडूंना लष्कराने मानद हुद्दा देणं म्हणजे नुसता फोटोचा कार्यक्रम. काहींच्या बाबतीत असेलही. पण धोनीचं उदाहरण बघा. २०११ मध्ये त्याला टेरिटोरियल आर्मीत (आपला कामधंदा सांभाळून सेवा देणाऱ्यांचं राखीव सैन्य) पॅराशूट रेजिमेंटचा मानद लेफ्टनंट कर्नल केलं. तिथेच थांबला असता तरी कुणी काही म्हटलं नसतं. पण २०१५ मध्ये गडी आग्र्याला पॅराट्रूपर्सच्या प्रशिक्षण शाळेत गेला आणि विमानातून पाच उड्या मारून आला. छातीवरचे ते पंख, म्हणजे पॅराट्रूपरचा बिल्ला, हुद्द्याबरोबर फुकट मिळत नाहीत, उड्या माराव्याच लागतात. २०१९ ला वेस्ट इंडिजचा दौरा सोडून दोन आठवडे काश्मीरमध्ये बटालियनबरोबर राहिला. दोन आठवड्यांनी कुणी सैनिक होत नाही, हे मान्य.

आपल्या सचिनला २०१० साली हवाई दलाने मानद ग्रुप कॅप्टन केलं, तेव्हा हेतू उघड होता: त्याला बघून पोरांनी हवाई दलाकडे वळावं. त्याने उड्या मारायची अपेक्षाच नव्हती!

आणि नाना पाटेकर? कारगिलच्या वेळी मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांबरोबर सीमेवर होता की.