मदत हवी आहे: भर पावसात जळगाव–तोरणमाळ–एकतानगर, सोबत आई आणि दोन मुलं

केळीचा_घड

नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये चार दिवसांची सुट्टी जुळून येतेय. बेत असा आहे: शनिवारी सकाळी जळगावहून निघून सातपुड्यातल्या तोरणमाळला मुक्काम, रविवारी दुपारी खाली उतरून अक्कलकुवामार्गे गुजरातमधलं एकतानगर (पूर्वीचं केवडिया), सोमवारी सरदार पटेलांचा पुतळा बघून मंगळवारी परत. गाडी छोटी हॅचबॅक, कंपनीची सीएनजी, टायर ३५ हजार किलोमीटर चाललेले. आम्ही पाच जण. आई ६८ वर्षांची, गुडघे दुखतात. धाकट्याला घाटात गाडी लागते.

विचारायचं आहे ते असं. पावसाळ्यात शहाद्यापर्यंत चोपड्याकडून यावं की धुळ्याकडून? तोरणमाळला चढणारा सातपायरीचा घाट पावसात छोट्या गाडीला झेपतो का? वर धुकं असलं तर काय करायचं? आणि एवढं करून तिथे आईला बघण्यासारखं काय आहे, की दिवसभर खोलीतच बसायची वेळ येईल?

शहादा_स्टँड

जळगावहून येताय तर चोपडा–शिरपूर–शहादा हाच रस्ता घ्या. विदगावला एकदा तापी ओलांडली की ती परत आडवी येत नाही. पुढे लागतात त्या अनेर, अरुणावती आणि शहाद्याची गोमाई, सगळ्यांवर पूल आहेत. धुळ्यापर्यंतचा चौपदरी रस्ता सुखाचा खरा, पण तिकडून दोंडाईचामार्गे आलात तर तापी सारंगखेड्याला ओलांडावी लागते, आणि मोठा पूर आला की तिथली वाहतूक थांबवतात. म्हणून निघायच्या सकाळी तापीवरच्या हतनूर धरणाचे दरवाजे किती उघडलेत ते बातम्यांत बघा. ४१ पैकी बरेचसे पूर्ण उघडे असतील तर धुळ्याचा विचारच नको.

चोपडा मार्गात ट्रॅक्टर, केळीचे ट्रक आणि खड्डे. पावसात जळगाव ते शहादा चार तास धरा, कागदावर कितीही कमी दिसलं तरी. शहादा ते तोरणमाळ साधारण ५० ते ५५ किलोमीटर आहे: म्हसावद, राणीपूर, मग जंगल आणि घाट. त्याला पावसात दोन तास लागतात. दुपारी दोनच्या आत शहादा सोडता आलं तरच वर जा. उशीर झाला असेल तर सरळ शहाद्यात लॉज बघा आणि सकाळी चढा. अंधार, धुकं आणि घाटातला पाऊस हे तिन्ही एकत्र नकोत.

आता जे कोणी सांगत नाही ते. सगळे घाटाला घाबरतात, पण गाड्या अडकतात त्या बऱ्याचदा घाटाच्या अलीकडे. सातपुड्याच्या उतारावर पाऊस झाला की राणीपूरपुढचे ओढे-नाले अर्ध्या तासात फुगतात. खाली तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि फरशीवरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, गढूळ पाणी वाहत असतं. तेव्हा आभाळ बघायचं ते शहाद्याचं नाही, डोंगराचं. उत्तरेकडे डोंगर काळा दिसत असेल तर म्हसावदलाच चहा घ्या आणि वरून उतरणाऱ्या जीपवाल्यांना विचारा. दरड पडली असेल तर तेही त्यांनाच आधी कळतं.

रिमझिम_बाई

दादा, घाटाचं नंतर बघू. सोमवारी पुतळा बंद असतो! तिथली साप्ताहिक सुट्टी सोमवार. बेत आधी बदला, नाहीतर १८२ मीटरचा पुतळा फाटकाबाहेरून बघून परत याल.

केळीचा_घड

बाप रे. हे लक्षातच आलं नव्हतं, धन्यवाद ताई. मग शुक्रवारी निघू का? की तोरणमाळला दोन रात्री राहून सोमवारी प्रवास आणि मंगळवारी पुतळा?

रिमझिम_बाई

दुसरा पर्याय चांगला, फक्त परत यायला बुधवार लागेल. रजा मिळत असेल तर तोच घ्या. पावसाळ्यात घाटमाथ्यावरच्या मुक्कामाला एक दिवस हाताशी मोकळा हवाच. रविवारी रस्ता बंद झाला तरी सोमवारी उतरता येतं आणि कुणी घाईघाईत वाहत्या पाण्यात गाडी घालत नाही. शिवाय रविवारी वर गर्दी असते आणि संध्याकाळी सगळे एकदम उतरतात. सोमवारी सकाळी घाट मोकळा मिळेल. पुतळ्याची तिकिटं मात्र ठरावीक वेळेची असतात, ती आधीच ऑनलाइन काढा.

ब्रेकऑइल

गाडीचं मी सांगतो.

टायर: ३५ हजार हा आकडा बाजूला ठेवा, खाचांची खोली मोजा. कायद्याने १.६ मिलिमीटर चालते, पण पावसात ३ च्या खाली गेली की पाणी कापलं जात नाही आणि ७०-८० च्या वेगाला टायर पाण्यावर तरंगायला लागतो. खाचांच्या आत छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं असेल तर टायर संपला. दोनच नवे घेणार असाल तर ते मागे टाका, पुढे नाही. ओल्या वळणावर मागचा टायर सुटला की गाडी फिरते आणि मग सावरता येत नाही. हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, पाच माणसं आणि सामान या रकान्यातली. पावसात हवा कमी ठेवली की पकड वाढते, असं सांगणारे भेटतील. त्यांना चहा पाजा, ऐकू नका. स्टेपनीची हवाही बघा, सीएनजी गाडीत ती बाहेर काढायला आधी सगळं सामान उतरवावं लागतं.

ब्रेक ऑइल दोन वर्षं बदललं नसेल तर बदलूनच निघा. ते हवेतला ओलावा शोषतं. घाट उतरताना सारखा ब्रेक दाबला की तापतं, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पॅडल मऊ होऊन खाली जातं. म्हणून उतरताना दुसरा गिअर, अवघड वळणाला पहिला. ब्रेक दाबायचा, वेग कमी करायचा, सोडायचा. नुसता पाय टेकवून ठेवायचा नाही. न्यूट्रलमध्ये उतरवणं म्हणजे आत्महत्या. आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, नियमही तोच आहे.

चढताना पाच माणसं आणि सिलिंडरचं वजन, त्यात सीएनजीवर ताकद थोडी कमी. घाट लागायच्या आधी पेट्रोलवर घ्या. शहाद्यात पेट्रोलची टाकी पूर्ण भरा, पुढचा भरवसा धरू नका. एसी चढताना बंद ठेवला तर इंजिनाला बरं, पण काच धुरकटली की लगेच चालू करायचा.

केळीचा_घड

काच धुरकटते तेव्हा नेमकं काय करायचं? दरवेळी फडक्याने पुसतो, दोन मिनिटांत परत तेच. आणि अजून एक, मॅप तोरणमाळहून धडगाव–मोलगीमार्गे अक्कलकुवा दाखवतोय. अंतर कमी दिसतं.

शहादा_स्टँड

मॅपचं अजिबात ऐकू नका. धडगाव–मोलगी–अक्कलकुवा म्हणजे देवगोईचा घाट, आणि धडगावहून तळोद्याकडे उतरायचं म्हटलं तर चांदसैलीचा घाट. दोन्हीकडे पावसाळ्यात दरडी येतात, रस्ता अरुंद, मदत लांब. हिवाळ्यात जरूर जा, निसर्ग फार देखणा आहे. आत्ता आल्या वाटेने शहाद्याला उतरा आणि तळोदा–अक्कलकुवा–सागबारा–डेडियापाडा–राजपिपळामार्गे एकतानगर गाठा. शहाद्यापासून पुढे साडेचार-पाच तास धरा. तोरणमाळहून सकाळी आठला निघालात तर उजेडात पोहोचाल.

ब्रेकऑइल

काचेवर धुकं आतून आहे की बाहेरून ते आधी ओळखा, दोन्हींचा उपाय उलटा आहे. बोट फिरवून बघा.

आतून असेल तर तो तुमच्याच श्वासाचा आणि ओल्या कपड्यांचा दमटपणा. एसी चालू, तापमान कोमट, झोत काचेकडे आणि हवा बाहेरून आत घेणाऱ्या बटणावर. एसी इथे गारव्यासाठी नसतो, तो हवेतलं पाणी काढून टाकतो. बरेच जण आतलीच हवा फिरवत ठेवतात, म्हणून पुसलं तरी परत येतं. भिजलेल्या छत्र्या आणि रेनकोट पायाशी ठेवू नका, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून डिकीत टाका.

बाहेरून असेल तर एसीने काच जास्त गार झालीय. वायपर एकदा फिरवा, तापमान वाढवा, झोत काचेवरून काढा.

निघायच्या आदल्या दिवशी काच दोन्ही बाजूंनी शाम्पूच्या पाण्याने धुऊन कागदाने कोरडी पुसा. तेलकट थर राहिला की समोरच्या दिव्यांचे फरांटे दिसतात आणि वायपरला उगाच दोष जातो. वायपरचं रबर कडक झालं असेल तर बदला.

खऱ्या धुक्यात हेडलाइट डिपरवर (झोत खाली), फॉग लॅम्प असतील तर ते. अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. चालत्या गाडीला चारी इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय ते कळत नाही. ते फक्त थांबल्यावर. डावीकडची कड धरून जा आणि वळणाआधी हॉर्न द्या. दिसेनासं झालं तर रुंद जागा बघून पूर्ण रस्त्याबाहेर थांबा. वळणावर किंवा कड्याखाली नको, वरून दगड येतात.

आमचूर

आता वरचं. तोरणमाळ साधारण ११५० मीटरवर आहे, म्हणजे शहाद्यापेक्षा हजारेक मीटर उंच. खाली ३० अंश असेल तर वर २३-२४, आणि भिजल्यावर वाऱ्यात त्याहून गार वाटतं. आईंसाठी स्वेटर, कानटोपी, सगळ्यांसाठी जास्तीचे मोजे. कपडे पावसाळी हवेत दोन दिवस वाळत नाहीत, तेव्हा मुलांचे दोन जोड जास्तच घ्या. छत्री वाऱ्यात उलटते, रेनकोट बरा.

राहण्याची सोय मोजकी आहे. बुकिंग झालं तरी निघायच्या आदल्या दिवशी फोन करा आणि चार गोष्टी विचारा: खोली तळमजल्यावर आहे का, गरम पाणी वीज गेल्यावर मिळतं का, गाडी दारापर्यंत येते का, रात्रीचं जेवण किती वाजेपर्यंत सांगायचं. शेवटचं महत्त्वाचं. जेवण सांगितल्यावरच बनतं, त्यामुळे आठ वाजता जाऊन ताट मागितलं तर नऊ-साडेनऊ होतात. पोहोचल्या पोहोचल्या सांगून टाका. मोबाइलची रेंज येते-जाते, वीजही. रोख रक्कम, टॉर्च, भरलेली पॉवर बँक हवी. मॅप आधीच ऑफलाइन उतरवून घ्या.

आईंना यशवंत तलाव सगळ्यात सोयीचा. काठावर गाडी जाते आणि धुकं उतरलं-चढलं की बसल्या जागी बघत राहावं असं दृश्य असतं. गोरक्षनाथाचं मंदिरही जमेल. सीता खाईला पावसात धबधबा असतो, पण कड्याच्या दगडांवर शेवाळ असतं. मुलांचा हात सोडू नका, फोटोसाठी कठड्यापलीकडे कुणीही नको. मच्छिंद्रनाथाच्या गुहेसाठी उतरून परत चढावं लागतं, गुडघ्यांना नको. खडकी पॉइंट धुक्यात दिसतच नाही, सकाळी आभाळ उघडलं तर पटकन जाऊन या. अशी तासाभराची उघडीप मिळते तेव्हा झोपून राहू नये.

वर पावरा आदिवासींची वस्ती आहे. घरांचे, बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. कुणाकडे आमचूर विकायला असेल तर घ्या. कैऱ्या उन्हाळ्यात वाळवलेल्या असतात, पावसाळ्यात त्या दमट तर झाल्या नाहीत ना, ते तुकडा मोडून बघा. कट्कन मोडला पाहिजे.

धाकट्यासाठी: पोट भरलेलं नको, रिकामंही नको. शहाद्यात अर्धी भाकरी किंवा कोरडं काही द्या, केळ्याचा शेक नको. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि घाट लागल्यावर नाही, शहाद्यातच. मधल्या सीटवर समोर बघत बसवा, मोबाइल काढून घ्या.

केळीचा_घड

रजा मिळतेय, दोन रात्री ठरल्या. एक शेवटची शंका. फरशीवरून पाणी वाहत असेल पण समोरून मोटारसायकली येत असतील, तर गाडी घालावी का?

ब्रेकऑइल

नाही. मोटारसायकलवाला रोजचा आहे, त्याला फरशीची कड कुठे संपते ते माहीत असतं. वाहतं पाणी फूटभर झालं की छोटी गाडी हलकी होऊन सरकायला लागते. घोटा बुडेल एवढंच पाणी असेल, तळ दिसत असेल आणि दोन्ही कडांचे दगड ओळखू येत असतील तरच पहिल्या गिअरमध्ये, एका संथ वेगात, मध्ये न थांबता. पलीकडे गेल्यावर ब्रेक तीन-चार वेळा हलके दाबून वाळवा.

पाण्यात इंजिन बंद पडलं तर परत स्टार्टर मारायचा नाही, हे घरच्यांनाही सांगून ठेवा. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. माणसं उतरवा, गाडी ढकलून काढा, टो करा. गाडीच्या साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बहुतेक वेळा बसत नाही, इंजिन प्रोटेक्शनचा ॲड-ऑन लागतो. तुमच्याकडे आहे का ते बघा.

शहादा_स्टँड

थांबायचंच झालं तर अलीकडच्या वस्तीपर्यंत मागे या, पाण्याच्या काठाशी गाडी लावून बसू नका. पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत असे नाले बहुतेक उतरतात. अडचण आली तर ११२, दवाखान्यासाठी १०८. रेंज नसेल तर म्हसावदकडे येणाऱ्या जीपवाल्याकडे निरोप द्या, तो पोहोचतो.