मदत हवी आहे: सर्व्हर मॉनिटरिंगच्या इन्फ्लक्सडीबीला तीन आठवड्यांत रॅम पुरेनाशी झाली

नमस्कार मंडळी,

१२ लिनक्स सर्व्हरांवर लक्ष ठेवायला एक वेगळं मशीन लावलंय. रॅम ८ जीबी, डिस्क एसएसडी. त्यावर इन्फ्लक्सडीबी १.८ (वेळेनुसार येणारे आकडे साठवणारा डेटाबेस) आणि आलेखांसाठी ग्राफाना, बाकी प्रत्येक सर्व्हरवर आकडे गोळा करून पाठवणारा टेलिग्राफ. सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क हे आकडे दर १० सेकंदांनी येतात, शिवाय प्रॉकस्टॅट प्लगइनमधून सगळ्या प्रोसेसचेही.

पहिला आठवडा सुरळीत गेला. मग मेमरी रोज थोडी थोडी चढत गेली, आणि आता दर दोन-तीन दिवसांनी कर्नलचा ओओएम किलर (रॅम संपली की प्रोसेस बंद पाडणारी यंत्रणा) डेटाबेसच मारून टाकतो. जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या नोंदींत, तसं स्पष्ट दिसतं. सेवा सांभाळणारं सिस्टमडी त्याला पुन्हा उठवतं, पण सुरू होऊन प्रश्नांना उत्तरं द्यायला त्याला दहा मिनिटं लागतात. परवा रात्री एका सर्व्हरची डिस्क भरली आणि नेमका तेव्हाच डेटाबेस पडलेला होता, त्यामुळे अलर्ट आलाच नाही. ज्यासाठी हे सगळं उभं केलं तेच साधलं नाही, म्हणून काळजीत आहे.

रॅम वाढवू, की हे सोडून प्रोमिथियस या दुसऱ्या मॉनिटरिंग प्रणालीकडे जाऊ? मला ३० दिवसांचे बारीक आकडे आणि वर्षभराची ५-५ मिनिटांची सरासरी एवढंच हवंय. रिटेन्शन पॉलिसीला, म्हणजे आकडे किती काळ ठेवायचे या नियमाला, मी हात लावलेला नाही.

प्रतिसाद १

रॅम घ्यायची घाई करू नका, आधी सिरीज (एकाच मेझरमेंटच्या आणि त्याच टॅगांच्या आकड्यांची एक मालिका) मोजा. इन्फ्लक्सच्या शेलमध्ये 'शो सिरीज कार्डिनॅलिटी' चालवा, मग मेझरमेंटनिहायही (सीपीयू, डिस्क अशा प्रत्येक गटाचं वेगळं) बघा. माझा संशय प्रॉकस्टॅटवर आहे. त्याच्या कॉन्फिगमध्ये पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) टॅगचा, म्हणजे आकड्याला जोडलेल्या लेबलचा, पर्याय 'ट्रू' केलाय का? आणि सिरीज शोधायचा इंडेक्स इनमेम (रॅममधला) आहे की टीएसआय१ (डिस्कवरचा)?

धागाकर्ता

हो, 'ट्रू' केलाय. प्रत्येक प्रोसेस वेगळी दिसावी असं वाटलं. कॉन्फिगमधली इंडेक्सची ओळ मुळात होती तशीच आहे. एकूण सिरीज ७ लाख ३८ हजार, त्यातल्या बहुतेक सगळ्या प्रॉकस्टॅटच्या!

प्रतिसाद १

मग दुखणं सापडलं. टॅगची प्रत्येक नवी किंमत म्हणजे एक नवी सिरीज. तुमच्याकडे क्रॉनमधून दर मिनिटाला चालणारी एखादी स्क्रिप्ट असणार. ती आणि तिने सुरू केलेली एक प्रोसेस धरली, तर एका सर्व्हरवर दिवसाला २,८८० नवे पीआयडी आणि १२ सर्व्हरांवर ३४,५६०. तीन आठवड्यांत सव्वासात लाख. नव्या ६४-बिट वितरणांवर पीआयडीची कमाल मर्यादा ४१,९४,३०४ असते, त्यामुळे जुने नंबर लवकर परत वापरातही येत नाहीत. १.८ मध्ये इंडेक्स आपोआप इनमेम असतो, म्हणजे हे सगळं रॅममध्ये, आणि सुरू होताना डिस्कवरून पुन्हा उभारलं जातं. तुमची दहा मिनिटं तिथे जातात.

प्रोमिथियसला गेलात तरी पीआयडी लेबल ठेवलंत तर हेच होईल. तिथे चालू सिरीज मेमरीतल्या हेड ब्लॉकमध्ये असतात. तेव्हा आधी तो टॅग काढा आणि प्रोसेसच्या नावावर भागवा. मग टीएसआय१ वर या: कॉन्फिगमध्ये इंडेक्स बदला, सेवा बंद करा आणि इन्फ्लक्स इन्स्पेक्ट या साधनाचं 'बिल्डटीएसआय' चालवा. हे इन्फ्लक्सडीबी युजर म्हणूनच चालवा. रूटने चालवलंत तर नव्या फाइलींची मालकी रूटकडे जाते आणि सेवा उठत नाही. मी या चुकीपायी अख्खी संध्याकाळ घालवलीय.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. रिटेन्शनबद्दल थोडं, कारण तिथे चूक झाली तर आकडे परत मिळत नाहीत. तुमची आपोआप बनलेली ऑटोजेन पॉलिसी काहीच पुसत नाही. ती ३० दिवसांवर आणण्याआधी वर्षभराची दुसरी पॉलिसी बनवा आणि सरासरी तिथे ओता. कंटिन्युअस क्वेरी (ठरावीक वेळाने आपोआप चालून सरासरी काढणारी) फक्त यापुढच्या आकड्यांवर चालते, मागचे आकडे 'सिलेक्ट इंटू' ने हातानेच न्यावे लागतात. त्यात 'ग्रुप बाय' मध्ये वेळेसोबत तारांकनही (*, म्हणजे सगळे टॅग) लिहा. ते राहिलं तर सर्व्हरच्या नावाचा टॅग गळून पडतो आणि बाराही सर्व्हरांची मिळून एकच सरासरी उरते.

पॉलिसी बदलल्यावर डिस्क लगेच मोकळी होणार नाही. पुसला जातो तो पूर्ण शार्ड (ठरावीक दिवसांच्या आकड्यांचा तुकडा), आणि तुमचे आधीचे शार्ड सात-सात दिवसांचे आहेत.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. आधी सरासरी नव्या पॉलिसीत नेली, प्रॉकस्टॅट मात्र वगळला. मग टॅग काढला, इंडेक्स बदलला आणि जुनं प्रॉकस्टॅट मेझरमेंट रात्री पुसलं. सिरीज आता १२ हजारांच्या आत आहेत आणि सेवा काही सेकंदांत उठते. एक शंका उरलीय: नेटवर्कच्या आलेखात वर्षभराच्या पॉलिसीतले आकडे विचित्र दिसतात, नुसती चढती रेघ.

प्रतिसाद २

नेटवर्कचे बाइट्स हा काउंटर आहे, मशीन सुरू झाल्यापासूनची बेरीज. त्याची सरासरी काढून उपयोग नाही. त्या मेझरमेंटसाठी वेगळी कंटिन्युअस क्वेरी करा, 'मीन' (सरासरी) ऐवजी 'लास्ट' (शेवटचा आकडा) घ्या आणि ग्राफानात 'नॉन निगेटिव्ह डेरिव्हेटिव्ह' (वाढीचा वेग, उणे सोडून) लावा. सर्व्हर रीबूट झाला की काउंटर शून्यावर येतो, तिथली उणे उडी त्याने गाळली जाते.