एजन्सीमार्फत नोकरी: ऑफर लेटर हातात आल्यावर नेमकं काय बघायचं?

पांझराकाठ (धुळे)

अभ्यासिकेच्या फळ्यावर लावायला एक पान तयार करतोय. बीएस्सी केमिस्ट्री, बीकॉम, डिप्लोमा मेकॅनिकल झालेली आपल्याकडची पोरं-पोरी चाकण, अंबड, वाळूज नाहीतर सुरत-अंकलेश्वरला जातात, ती बहुतेक एजन्सीमार्फतच. जाहिरात साधारण अशी: "नामांकित कंपनी, पदवीधर ट्रेनी, पगार 18,000+, राहण्या-जेवणाची सोय, त्वरित जॉइनिंग." प्रत्यक्षात हातात तेरा हजार, काम बॉक्स भरायचं, आणि सातव्या महिन्यात ब्रेक, म्हणजे कामावरून कमी करणं.

एजन्सीला शिव्या घालायला दुसरे धागे आहेत, इथे नको. मला हे हवंय: अठराचे तेरा कसे होतात, त्यात कायद्याचं किती आणि लबाडीचं किती? ट्रेनी, अ‍ॅप्रेंटिस, कॉन्ट्रॅक्ट यांत कागदावर फरक काय? ब्रेक का देतात? आणि पदवी पाण्यात जाऊ न देता यातून वर सरकायचं तर कोणता कागद धरून ठेवायचा?

पेरोल_खिडकी (जळगाव)

भाऊ, आधी आकडे. जाहिरातीतला आकडा सीटीसीचा असतो, आणि सीटीसीत मालकाचा खर्च धरलेला असतो. एक नमुना घ्या. बेसिक अधिक विशेष भत्ता 13,000, घरभाडे 5 टक्के म्हणजे 650, इतर भत्ता 1,350. ग्रॉस (कपातीआधीचा पगार) झाला 15,000. यावर मालकाचा पीएफ 12 टक्के, शिवाय विमा आणि प्रशासन शुल्क मिळून 1 टक्का, म्हणजे 13,000 वर 1,690. ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) मालकाचा हिस्सा 3.25 टक्के, 488. बोनस 8.33 टक्के धरला तर 1,083. बेरीज 18,261. हेच ते "18,000+".

आता कामगाराकडून कपात: पीएफ 12 टक्के 1,560, ईएसआय 0.75 टक्के 113, व्यवसाय कर 200 (फेब्रुवारीत 300, महाराष्ट्रात 25,000 पर्यंत पगार असलेल्या महिलांना माफ). हातात 13,127. इथपर्यंत सगळं कायदेशीर आहे. फक्त जाहिरात देणाऱ्याने सोयीचा आकडा छापला.

लबाडी सुरू होते ती पुढे. पहिली: "ग्रॉस 15,000" असं सांगून त्यातून पीएफचे दोन्ही हिस्से कापायचे. मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून कापताच येत नाही. म्हणून विचारायचा प्रश्न "पगार किती" हा नाही. "ग्रॉस किती, हातात किती, आणि स्लिप कोणाच्या नावाची" हे तीन प्रश्न, उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना पण लेखी. दुसरी: बेसिक किमान वेतनाच्या खाली दाखवायचं आणि उरलेलं भत्त्यांत ढकलायचं, की पीएफ कमी बसतो. किमान वेतनातला विशेष भत्ता महाराष्ट्रात जानेवारी आणि जुलैला बदलतो. त्या दोन महिन्यांनंतरही स्लिपवरचा आकडा हलला नाही तर समजून घ्या.

तिसरी, आणि पैशाने सर्वात मोठी: ओव्हरटाइम. आठवड्याला 48 तासांच्या वर दुप्पट दर. वरच्याच नमुन्यात 15,000 ला 26 ने आणि मग 8 ने भागा, तासाचे 72 येतात, दुप्पट 144. बारा तासांची शिफ्ट महिनाभर केली तर जादा तास 104 झाले. एजन्सी "सिंगल ओटी" देते तेव्हा महिन्याला साधारण साडेसात हजार तिच्याकडे नाहीतर कंपनीकडे राहतात. पगार कमी म्हणून रडणारे पुष्कळ असतात, पण ही वजाबाकी फारच थोडे करतात. इतके तास तिमाहीच्या कायदेशीर मर्यादेतच बसत नाहीत, म्हणून ते स्लिपवर येत नाहीत. वेगळ्या व्हाउचरवर रोख मिळतात आणि त्यावर ईएसआय भरला जात नाही. स्लिपवर नसलेल्या तासांची नोंद स्वतःच्या वहीत ठेवा: तारीख, आत-बाहेरची वेळ, मशीन किंवा लाइनचा नंबर. पुढे दावा लावायचा तर हीच वही कामाला येते.

आणि नोकरी लावायचे पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा. एजन्सीला कंपनीकडून डोक्यामागे किंवा टक्केवारीने सर्व्हिस चार्ज मिळतो, त्यावरचा 18 टक्के जीएसटीही कंपनीच भरते. रजिस्ट्रेशन फी, सेफ्टी शूजचे पैसे, मूळ मार्कशीट "ठेवून घेणे", सही केलेला कोरा चेक, यातलं काहीही द्यायचं नाही. सुरक्षेची साधनं कारखान्याने फुकट द्यायची असतात.

अवधान_बी_शिफ्ट

हाव भो, आणि ते "राहण्या-जेवणाची सोय" नीट विचारा. सोय म्हणजे फुकट असं कुठेच लिहिलेलं नसतं. खोलीत किती जण, भाडं पगारातून कापणार का, मेस महिन्याला किती, बस लाइनपर्यंत येते की गेटपर्यंत. सगळी कपात मिळून पगाराच्या निम्म्यावर जाऊ शकत नाही, हा कायदा आहे. हजेरी बोनसही बघून घ्या. महिन्यात एक खाडा झाला की तो पूर्ण जातो, आणि जाहिरातीतल्या आकड्यात तो धरलेला असतो.

पेरोल_खिडकी (जळगाव)

ट्रेनी आणि अ‍ॅप्रेंटिसचं राहिलं. अ‍ॅप्रेंटिस म्हणजे 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालचा. त्याचा करार सरकारी पोर्टलवर नोंदवलेला असतो: डिग्री-डिप्लोमावाल्यांचा नॅट्सवर, आयटीआयवाल्यांचा मुख्यतः नॅप्सवर. त्याला पीएफ-ईएसआय लागू नाही, मुदत ठरलेली, शेवटी प्रमाणपत्र. 2019 च्या नियमांत पदवीधराला किमान 9,000 आणि डिप्लोमाला 8,000 स्टायपेंड ठरला होता. कंपनी त्यापेक्षा जास्त देऊ शकते.

नुसतं "ट्रेनी" या शब्दाला काही अर्थ नाही. पीएफ कापायचा नाही म्हणून अ‍ॅप्रेंटिस म्हणायचं, पण पोर्टलवर करारच नाही, असं असेल तर तो साधा कामगार आहे आणि पीएफ द्यावा लागतो. म्हणून कराराचा नोंदणी क्रमांक मागा आणि स्वतःच्या लॉगिनमध्ये तो दिसतो का ते पाहा. रोजगार मेळाव्यात तर हा प्रश्न पहिला. स्टॉलवर बोर्ड कंपनीचा असतो आणि आत बसलेला माणूस एजन्सीचा.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना हा आणखी वेगळा प्रकार. पदवीधराला महिन्याला 10,000, सुरुवातीला सहा महिने, नंतर अकरा केले. ती नोकरी नव्हे आणि पुढे कायम करण्याची हमीही तिथे नाही. मात्र घराजवळच्या कार्यालयात किंवा कारखान्यात नावासकट काम केल्याचा कागद मिळतो.

ब्रेकचं कारण 240 हा आकडा. बारा महिन्यांत 240 दिवस भरले की सलग सेवा धरली जाते, मग कमी करताना नोटीस, भरपाई, कायम करण्याचा दावा हे सगळं मागे लागतं. महिन्याला 26 दिवस धरले तर 240 दिवस सव्वानऊ महिन्यांत भरतात. सात महिन्यांवर कापलं की 182 वरच गाडी थांबते. काही ठिकाणी ब्रेकनंतर तोच माणूस त्याच लाइनवर दुसऱ्या एजन्सीच्या नावाने उभा असतो. त्या वेळी नवा यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) काढू देऊ नका. जुना नंबर जॉइनिंगच्या वेळच्या पीएफ फॉर्म 11 मध्ये लिहा, नाहीतर पीएफ दोन-तीन खात्यांत फुटतो आणि पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षं जोडताना नाकी नऊ येतात.

ब्युरेट_पिपेट (नंदुरबार)

केमिस्ट्रीवाल्यांसाठी. औषध कारखान्यात शिरताना विभाग कोणता हे पगाराइतकंच महत्त्वाचं आहे. औषध नियमांत उत्पादनावर देखरेख करणाऱ्या तांत्रिक माणसाची पात्रता ठरलेली आहे: बी. फार्मला पदवीनंतर 18 महिन्यांचा औषध-उत्पादनातला अनुभव, तर केमिस्ट्री मुख्य विषय असलेल्या बीएस्सीला तीन वर्षांचा. आता तीन वर्षं कंपनीत काढली पण प्रमाणपत्रावर "हेल्पर, पॅकिंग" असं आलं, तर तो अनुभव या कामी धरला जाणं कठीण. लाइनवर रिअ‍ॅक्टर चार्जिंग, ग्रॅन्युलेशन, कॉम्प्रेशन करत असाल तर पदाच्या रकान्यात "प्रॉडक्शन" आणि विभागाचं नाव आलं पाहिजे. हे जॉइनिंगच्या दिवशीच बोलायचं. सोडताना बोलून उपयोग नाही, कारण एजन्सी मस्टरवर पहिल्या दिवशी जे चढलं तेच प्रमाणपत्रावर उतरवते.

क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) जायचं असेल तर एचपीएलसीचा (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचा) महागडा कोर्स करण्याआधी एवढं पक्कं करा: नॉर्मॅलिटी-मोलॅरिटीची गणितं, द्रावणाचं स्टँडर्डायझेशन, पीएच मीटरचं कॅलिब्रेशन, कार्ल फिशरने पाण्याचं प्रमाण, आणि नोंदवहीत खाडाखोड न करता चूक कशी दुरुस्त करायची (एक आडवी रेघ, सही, तारीख). मुलाखतीत प्रश्न इथूनच येतात. एचपीएलसी येतं असं सांगितलं की पुढचा प्रश्न असतो मोबाइल फेज (यंत्रातून वाहणारं द्रावक) गाळून डीगॅस का करतात, म्हणजे त्यातली हवा का काढतात. हवेचे बुडबुडे पंपात गेले की प्रेशर हलतं आणि बेसलाइन नाचते, एवढं उत्तर पुरतं. पण सर्टिफिकेट घेऊन आलेल्या बऱ्याच जणांना तेच येत नाही.

गुजरातला जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा. नवापूर ओलांडलं की किमान वेतनाचे दर आणि व्यवसाय कर गुजरातचे, कामगार खातंही तिकडचं. तक्रार कामाच्या जागी करावी लागते, घरच्या जिल्ह्यात नाही.

पांझराकाठ (धुळे)

पीएफ कापलेला स्लिपवर दिसतो पण पासबुकात काहीच नाही, अशी प्रकरणं खूप आहेत. ते कसं तपासायचं? आणि एजन्सीने पगारच अडकवला तर?

पेरोल_खिडकी (जळगाव)

पासबुकात नोंद यायला थोडा वेळ लागतो. एखादा महिना मागे असेल तर घाबरू नका, दोन-तीन महिने कोरे असतील तर हालचाल करा. ईपीएफओच्या (पीएफ खात्याच्या) संकेतस्थळावर आस्थापना शोधायची सोय आहे, लॉगिन लागत नाही. एजन्सीचं नाव किंवा कोड टाका, पेमेंट तपशील उघडा. कोणत्या महिन्याचे पैसे कोणत्या तारखेला आणि किती लोकांचे भरले ते दिसतं. लोकांच्या आकड्यावर टिचकी मारली की नावांची यादीही उघडते. एजन्सीत जॉइन व्हायच्या आधीच हे बघता येतं, हा त्यातला खरा फायदा. दोनशे पोरं पाठवतो म्हणणाऱ्याने अठरा जणांचा पीएफ भरलेला दिसला की पुढे बोलायचं कारण राहत नाही.

नोकरी सोडल्याची तारीख एजन्सीने टाकली नाही तर शेवटचा पीएफ जमा झाल्यावर दोन महिन्यांनी पोर्टलवर स्वतःच टाकता येते. ती टाकाच. नव्या कंपनीच्या पडताळणीत दोन नोकऱ्या एकावर एक चढलेल्या दिसल्या की ऑफर तिथेच अडकते. आणि एजन्सी अनुभवपत्र देत नसेल तर यूएएनची सेवा नोंद, बँकेचं स्टेटमेंट आणि पगाराच्या स्लिपा, हे तिन्ही मिळून बहुतेक ठिकाणी चालून जातं.

आठवडे_बाजार

पगार अडकला तर एजन्सीच्या गाळ्यावर खेपा घालू नका. कंत्राटदाराने पगार दिला नाही तर मूळ कंपनीला द्यावा लागतो. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यातही हे होतं आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रम संहितांमध्येही आहे. म्हणून पहिला ईमेल एजन्सीला आणि त्याच ईमेलची प्रत कंपनीच्या एचआरला. मजकूर चार ओळींचा: नाव, गेटपास नंबर, विभाग, कोणत्या महिन्याचे किती दिवस, किती रक्कम. राग, शिव्या, "कोर्टात खेचीन" वगैरे काढून टाका. पुष्कळदा पैसे इथेच सुटतात, कारण एजन्सीचं पुढचं बिल एचआरच्याच टेबलावरून जातं.

नाही सुटले तर त्या जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्तांकडे लेखी अर्ज आणि आवक क्रमांक घेतलेली प्रत. पीएफचं असेल तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर. नवीन वेतन संहितेत राजीनामा दिला किंवा काढलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा आहे, आणि थकबाकीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. पण तीन वर्षं आहेत म्हणून थांबू नका. एजन्सी नाव बदलते, गाळा रिकामा होतो.

गेटपासचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा, भाऊ. सोडताना तो परत घेतात, आणि मग त्या कंपनीत काम केलं हे सांगायला हातात काही उरत नाही.

सराफकट्टा_बीकॉम

बीकॉमवाल्यांबद्दल कोणी बोललं नाही. "बँकेत नोकरी" म्हणून एजन्सी घेते ती बहुधा कार्ड विकायला नाहीतर वसुलीला. पगारात टार्गेटचा भाग किती ते आधी विचारा. त्यापेक्षा जळगावात डाळमिल, पाइप-चटईचे कारखाने, सराफा, कर सल्लागारांची कार्यालयं यांना हिशेबाचा माणूस नेहमी लागतो. सुरुवातीचा पगार कमीच असतो, पण हातात काम येतं: खरेदीची नोंद जीएसटीच्या 2बीशी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांचा पोर्टलवरचा तक्ता) जुळवणं, ई-वे बिल, टीडीएसची कपात, बँक रिकन्सिलिएशन. टॅली येतं म्हणणारे ढिगाने आहेत. 2बी आणि खरेदी रजिस्टरमधला फरक शोधून पुरवठादाराला फोन करणारा सापडत नाही.

पांझराकाठ (धुळे)

सगळ्यांचे आभार. ए-फोरच्या दोन बाजूंत बसतंय. पुढच्या बाजूला विचारायचे प्रश्न आणि पगाराचा नमुना, मागे पीएफ तपासणी आणि अर्जाच्या चार ओळी. 15,000 ऐवजी 12 ते 20 हजारांपर्यंतच्या ग्रॉसचा ओटी तक्ता कोणी करून दिला तर तोही लावतो.