एल्मार आणि ज्युपिटर-८: फरक लेन्सच्या स्वभावाचा की अवस्थेचा?

प्रश्न: खानापूरहून

नमस्कार. वडिलांच्या संग्रहातून माझ्याकडे रेंजफाइंडर (अंतरमापकाने फोकस साधणाऱ्या) कॅमेऱ्यांच्या दोन जुन्या लेन्स आल्या आहेत. एक १९३० च्या दशकातील, कोटिंग (काचेवरचा परावर्तन कमी करणारा पातळ थर) नसलेली, लाइका कॅमेरे बनवणाऱ्या लाइट्स कंपनीची एल्मार, ५० मिमी, एफ ३.५ (एफचा आकडा जितका लहान, तितके प्रकाशाचे छिद्र मोठे), आणि दुसरी सोव्हिएत बनावटीची ज्युपिटर-८, ५० मिमी, एफ २, जिच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे ६२ असल्याने ती १९६२ ची असावी. दोन्ही ३९ मिमी आट्यांच्या असल्यामुळे ॲडॅप्टर लावून मी त्या मिररलेस (आरसा नसलेल्या डिजिटल) कॅमेऱ्यावर वापरतो.

बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीत छताच्या दगडी कमळाची छायाचित्रे घेतली, तेव्हा एल्मारच्या चित्रात दारातून येणाऱ्या उजेडामुळे साऱ्या काळ्या दगडावर दुधी पडदा पसरला. ज्युपिटरने मात्र काळा दगड काळाच दाखवला. पुढे शहापुरात हातमागावर बसलेल्या एका मावशींचे चित्र घेताना ज्युपिटरनेच निराशा केली. एफ २ वर धोट्यावर नेमका फोकस साधला आणि मग एफ ४ पर्यंत छिद्र लहान केले, तर धोटा किंचित मऊ आणि त्यामागचा ताणा धारदार आला. हे दोष समजावेत की त्या लेन्सचा स्वभाव?

उत्तर: टिळकवाडी, बेळगाव

आपण सांगितलेल्या दोन गोष्टींची कारणे वेगळी आहेत, म्हणून त्या वेगवेगळ्या पाहू.

ज्युपिटर-८ ही झाइस या जर्मन कंपनीच्या सोनार लेन्सच्या रचनेवर बेतलेली आहे. लुडविग बेर्टेले यांनी १९३२ च्या काँटॅक्स कॅमेऱ्यासाठी सोनार घडवली, तेव्हा कोटिंग नव्हते आणि काच व हवा यांच्यामधील प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जात असे. त्यांनी भिंगे एकमेकांना चिकटवून हे पृष्ठभाग कमी केले. ज्युपिटर-८ मध्ये ६ भिंगे असूनही गट ३ च आहेत, म्हणजे हवेला लागणारे पृष्ठभाग ६. आता गंमत पाहा: एल्मारमध्ये ४ भिंगे ३ गटांत आहेत, म्हणजे तिचेही पृष्ठभाग ६ च. त्याच काळातील, ६ भिंगे ४ गटांत असलेल्या लाइट्सच्याच ‘सुमार’ नावाच्या लेन्सचे मात्र ८ होतात. त्यामुळे आपल्या दोन लेन्समधील काळ्या रंगाचा फरक रचनेतून आलेला नाही. तो मुख्यतः कोटिंगचा आहे, कारण १९६२ च्या ज्युपिटरवर ते आहे आणि आपल्या एल्मारवर नाही.

फोकस मागे सरकणे हा मात्र सोनार रचनेचा अंगभूत स्वभाव आहे. छिद्र पूर्ण उघडे असताना तिच्यात गोलीय विपथन थोडे शिल्लक राहते, म्हणजे कडेने येणारे किरण मधल्या किरणांपेक्षा अलीकडे एकत्र येतात. छिद्र लहान केले की कडेचे किरण अडतात आणि नेमका फोकस पुढच्या वस्तूवरून मागच्या वस्तूवर जातो. मागची पार्श्वभूमी इतकी मऊ, लोण्यासारखी विरघळते तीही याच विपथनामुळे, म्हणून मी त्याला दोष म्हणणार नाही. ज्या छिद्रावर चित्र घ्यायचे त्याच छिद्रावर फोकस करावा, एवढे पुरेसे आहे. मिररलेसवर ते सहज जमते.

उत्तर: निपाणीहून

वरील विवेचन मला मान्य आहे, परंतु एल्मारबद्दलचा निर्णय इतक्या लवकर देऊ नये असे वाटते. आपल्या भागातील, विशेषतः खानापूर तालुक्यातील पावसाळ्यात कातडी केसमध्ये ठेवलेल्या लेन्सना बुरशी लागते, आणि आतील काचेवर तेलकट धूसरपणाही साचतो. परिणाम कोटिंग नसल्यासारखाच दिसतो, पण त्याला लेन्सचा स्वभाव म्हणणे अन्यायाचे होईल. अंधाऱ्या खोलीत छिद्र पूर्ण उघडून मागून बॅटरीचा तिरपा प्रकाश टाकून पाहा. स्वच्छ काच काळी दिसेल, मळलेली दुधी.

प्रश्नकर्त्याचे निवेदन: तीन आठवड्यांनंतर

बॅटरीचा प्रकाश टाकताच सारे उघड झाले. एल्मारच्या आतील काचेवर पातळ दुधी थर होता आणि कडेला कोळिष्टकासारखे बुरशीचे तीन-चार धागे होते. लेन्स जाणकाराकडून उघडून स्वच्छ करून घेतली. सुदैवाने धाग्यांनी काच कोरली नव्हती. केस बाजूला ठेवली असून दोन्ही लेन्स आता काचेच्या बरणीत सिलिका जेलसह आहेत.

काल पुन्हा कमल बस्तीत त्याच जागी उभा राहिलो. दगड आता पुष्कळ काळा आला आणि पाकळ्यांच्या कडा सुट्या झाल्या, परंतु दाराच्या चौकटीभोवती फिकट वलय अजूनही आहे. लेन्सपुढे हूड (बाजूचा उजेड अडवणारी कडी) लावल्यावर ते कमी झाले, पण गेले नाही. हे उरलेले वलय मला फार आवडले आहे.